पाच जणांचा क्रू, एक वही आणि पाचशेचा स्टॅम्प पेपर

गेल्या महिन्यात उलव्याच्या दोन मुलींचा मेसेज आला. "ताई, आम्ही चौघीपाचजणी मिळून हिपहॉप क्रू काढतोय. पहिलं काय करायचं?" मी लिहिलं, "एक वही घ्या." पाठवल्यावर वाटलं, एवढ्यावरून त्यांना काय कळणार? म्हणून आमच्याबाबतीत जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहून काढतेय. तारखा आणि रुपये वहीतूनच घेतलेत.

मी कोपरखैरण्याची. आप्पा एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत, गाव साताऱ्याकडचं. आमच्या घरात गाण्याबिण्याचं कुणी नव्हतं. २०१९ मध्ये गल्लीतल्या रॅपवर हिंदी सिनेमा आला तेव्हा मी बारावीत होते. वर्गातली अर्धी मुलं यमकं जुळवायला लागली आणि बहुतेकांची हौस परीक्षेबरोबर संपली. माझी राहिली. मी चोरून लिहायचे, हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये इन्स्टावर एका मुलाची स्टोरी दिसली: रविवारी साडेपाचला कोपरखैरणे स्टेशनबाहेर सायफर. सायफर म्हणजे गोल करून उभं राहायचं, एकाने तोंडाने बीट धरायचा आणि बाकीच्यांनी आळीपाळीने आपल्या ओळी म्हणायच्या. ज्याची पाळी नाही त्याने ऐकायचं. पहिल्या रविवारी अकरा मुलं आणि मी एकटी मुलगी. मी तोंड उघडलं नाही. घरी येऊन उशीत डोकं खुपसून रडले, कारण आठ ओळी तोंडपाठ होत्या. दुसऱ्या रविवारी त्या म्हटल्या. तिसऱ्या ओळीला आवाज कापला, तेव्हा बीटबॉक्स करणाऱ्या पोराने वेग किंचित उतरवला, मला सावरू दिलं आणि परत चढवला. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. दिघ्याला राहायचा. दिघा गाव स्टेशन सुरू झालं ते जानेवारी २०२४ मध्ये, तोपर्यंत तो ऐरोलीपर्यंत चालत यायचा आणि तिथून ट्रेन धरायचा.

स्टेशनबाहेर वॉचमन हटकायचे. त्यांचंही बरोबर होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडायची. मग आम्ही निसर्ग उद्यानात जायला लागलो. ही बाग जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभी आहे. आम्ही लहान असताना त्या बाजूने वारा आला की आई खिडक्या लावून घ्यायची. तिथे झाडाखाली उभं राहून लिहिलेलं म्हणताना मला अजूनही काहीतरी होतं. नवीन मुलांनी जागा शोधताना एवढं बघावं: स्पीकर नको, फक्त तोंडाने बीट, आणि आसपास हॉस्पिटल किंवा शाळा नको, कारण त्यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम लागतो. सहा महिने आम्हाला कुणीही हुसकावलं नाही.

बाराजणांतले गळत गळत पाच उरलो. मी. दिघ्याचा बीटबॉक्सर. तुर्भ्याचा डीजे, जो लॅपटॉपवर बीट, म्हणजे गाण्याखालचं संगीत, बनवायचा. एक ब्रेकिंग, म्हणजे हिपहॉपचा नाच, करणारा, तोच भिंतीवर अक्षरंही काढायचा. आणि घणसोली गावातला आगरी पोरगा, जो गाडीला गारी म्हणतो, पाण्याला पानी म्हणतो आणि तसंच रॅप करतो. सुरुवातीला तो 'शुद्ध' लिहायचा प्रयत्न करायचा आणि ओळी मेलेल्या यायच्या. डीजेने त्याला एकदा सांगितलं, "तू आजीशी बोलतोस तसं लिही." त्या दिवसापासून तो आमच्यातला सगळ्यात ताकदीचा झाला.

जुलै २०२२ मध्ये पहिलं गाणं केलं. सेकंडहँड माइक आणि तो लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस मिळून ९,५००, स्टँड आणि केबल १,१००. रेकॉर्डिंग माझ्या घरी, कपाटाची दारं उघडून, मागे दोन गोधड्या टांगून. मिक्सिंग-मास्टरिंगला ऐरोलीतल्या एका ओळखीच्या दादाने ३,००० घेतले. बीट मात्र नेटवरून उतरवलेला. त्यावर 'फ्री' लिहिलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. गाणं टाकलं आणि नवव्या दिवशी यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम आला. खाली बारीक अक्षरांत अट होती: पैसे कमवायचे नसतील तरच फुकट, नाहीतर लायसन्स विकत घ्या. चूक आमची होती, वाचलं नव्हतं. गाणं काढून टाकलं. १३,६०० रुपये आणि तीन महिने गेले. त्या रात्री ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. सकाळी डीजेने एकच ओळ टाकली, "यापुढे बीट माझाच."

तो शब्द त्याने पाळला, म्हणून पुढचं सगळं झालं. बाहेरचा बीट घ्यायचाच असेल तर लायसन्सची पीडीएफ मागा. त्यावर किती स्ट्रीम चालतील, व्हिडिओ चालेल का, तोच बीट दुसऱ्यालाही विकणार का, हे तिन्ही बघा.

आमचं खरं पहिलं गाणं जानेवारी २०२३ चं. त्यात घणसोलीवाल्याचं एक कडवं आहे, साडेबारा टक्क्यांवर. नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या आजोबांसारख्यांची. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली स्थापन झाली, जमिनी गेल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात जे आंदोलन झालं त्यात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. हे सगळं त्याने सोळा ओळींत बसवलं होतं. मला वाटलेलं, एवढा जड विषय कोण ऐकणार? पण लग्नसराई सुरू झाली आणि घणसोली, दिवाळे, रबाळे इथल्या हळदींत डीजेवाल्यांनी ते गाणं लावायला सुरुवात केली. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव रस्त्यावर. एप्रिलमध्ये त्याच्या चुलतभावाच्या हळदीला मी गेले होते. साठीच्या बायका हात वर करून "साडेबारा, साडेबारा" म्हणत होत्या. मी मंडपाच्या कडेला एकटीच उभी होते आणि अंगावर काटा आला होता.

(हळदीत किती वेळा वाजलं त्याचे पैसे मिळतात का, असं बरेच जण विचारतात. नाही मिळत. लग्न आणि त्याला जोडून येणारे समारंभ यांत गाणं वाजवणं हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये उल्लंघन धरलेलं नाही. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. गाणं तिथूनच पसरलं.)

मे २०२३ मध्ये पहिला मोठा शो मिळाला. मानधन ६०,०००. आयोजकाने विचारलं, चेक कुणाच्या नावाने? डीजेचं पॅन आणि खातं तयार होतं, म्हणून त्याचं नाव दिलं. १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापून ५४,००० त्याच्या खात्यात आले. आणि भांडण सुरू झालं.

ते भांडण मी जसंच्या तसं सांगणार नाही, पण मुद्दे सांगते, कारण ते प्रत्येक क्रूमध्ये येतात. बीट माझा, म्हणजे निम्मे माझे. लोक माझं कडवं ऐकायला आलेत. मी फक्त नाचलो म्हणून मला पेट्रोलचे पैसे का? माझा माइक वापरता, त्याचं भाडं कोण देणार? हा शेवटचा मुद्दा माझा होता. माइकला मी जास्त पैसे घातले होते. तीन आठवडे सायफर झाला नाही.

एका रात्री आप्पा जेवताना म्हणाले, "पोरं येत न्हाईत हल्ली?" मी सांगितलं. त्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि मग मला टोळीचा हिशोब समजावला. वीस वर्षं मी त्या घरात राहिले आणि मला तो माहीत नव्हता. माथाडी एकेकटा काम करत नाही, टोळीत करतो. गाडी आली की टोळी ती खाली करते आणि मजुरी टोळीच्या नावावर लागते. पैसा थेट हातात येत नाही, माथाडी मंडळात जमा होतो. मालक मजुरीच्या वर लेव्ही भरतो, त्यातून फंड, रजा, दवाखाना. मी विचारलं, "पण कुणी जास्त पोती उचलली तर?" आप्पा म्हणाले, "म्या किती उचलली न् त्यानं किती, हे मोजत बसलं तर गाडी कवा खाली व्हायची? जो आला त्याला वाटा. न्हाई आला त्याला त्या दिसाचा न्हाई. आन् पैसा वाटायच्या आधी मंडळाचं बाजूला."

मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना निसर्ग उद्यानात बोलावलं, नवी वही नेली आणि ५४,००० चा हिशोब मांडला. टेम्पो आणि जेवण ४,०००. उरले ५०,०००. त्यातले १५ टक्के, म्हणजे ७,५००, क्रूच्या डब्यात. त्याला आम्ही लेव्हीच म्हणतो. राहिले ४२,५००. पाच जण स्टेजवर होते, प्रत्येकी ८,५००. माइकचं भाडं बंद. तो पुढच्या लेव्हीतून क्रूने विकत घेतला. शोचा वाटा समान, पण गाण्याची मालकी वेगळी: शब्द ज्याने लिहिले त्याचे, संगीत ज्याने बांधलं त्याचं, आणि हे प्रत्येक गाण्यासाठी रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका पानावर टक्क्यांत लिहून पाचही सह्या. घणसोलीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढंच होतं तर तीन आठवडे कशाला घालवले?" आणि सही केली.

टीडीएसचं असं की कापलेले ६,००० डीजेच्या पॅनवर दिसत होते, आणि ६०,००० ही त्याची एकट्याची कमाई. त्याने जुलै २०२४ मध्ये, त्या वर्षाचं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा, भरलं. सप्टेंबरमध्ये रिफंड आला आणि त्याने तो डब्यात टाकला. पण तो नोकरीत जास्त पगारावर असता तर उलटा कर भरावा लागला असता. एकाच्या नावावर सगळ्यांचे पैसे घेऊ नका, मैत्री कितीही घट्ट असू द्या.

११ ऑगस्ट २०२३ ला हिपहॉपला पन्नास वर्षं झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३ साली त्या तारखेला डीजे कूल हर्कने १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत जी पार्टी वाजवली, तिथून सुरुवात मोजतात. सगळे हर्कचं नाव घेतात. पार्टी त्याच्या बहिणीची होती, सिंडी कॅम्पबेलची. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते, म्हणून तिने ती भरवली आणि प्रवेशाला मुलींकडून २५ सेंट, मुलांकडून ५० सेंट ठेवले. मला हे वाचून फार धीर आला. पहिल्याच पार्टीत हिशोब होता आणि तो एका मुलीने मांडलेला होता.

आम्ही त्या दिवशी आमच्या सेक्टरातल्या एका हॉलमध्ये स्वतःचा शो केला. अर्ज पोलीस ठाण्यात पंधरा दिवस आधी दिला: कार्यक्रमाची वेळ, अंदाजे माणसं, हॉलचं संमतिपत्र, दोघांची आधार झेरॉक्स, लाउडस्पीकरसाठी वेगळी विनंती. तीन फेऱ्या झाल्या. सकाळी अकराच्या आत गेलात तर साहेब भेटतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून आम्ही नऊ चाळीसलाच संपवलं. तिकीट लावलं तर परवानग्या वाढतात, म्हणून दाराशी डबा ठेवला: ऐच्छिक, मुलींनी २५ रुपये, मुलांनी ५०. जमले ७,४२५. हॉल आणि साउंड मिळून खर्च ११,०००. तूट लेव्हीतून गेली आणि त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. दीडशेच्या वर माणसं आली होती. आप्पा मागच्या रांगेत, मार्केटच्याच कपड्यांत.

मग कागद. तीन पर्याय होते. संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात, आम्ही पाच. कंपनीचा वार्षिक खर्च झेपणारा नव्हता. उरली भागीदारी. इथे अडचण आली: बीटबॉक्सर सतरा वर्षांचा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, मुलगा भागीदार होऊ शकत नाही, पण कलम ३० प्रमाणे बाकीच्यांच्या संमतीने त्याला नफ्याच्या लाभात घेता येतं. तोट्याला तो स्वतः जबाबदार राहत नाही. त्याच्या आईला हे सांगायला आम्ही चौघं दिघ्याला गेलो. काकूंनी पोहे केले, करार दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "उद्या तुमचं फाटलं तर माझ्या पोराच्या अंगावर काही येईल का?" नाही, हे कलम दाखवून सांगितलं, तेव्हा पालक म्हणून सही केली. हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

करार ऑक्टोबर २०२३ चा. भांडवल ३०,०००, स्टॅम्प पेपर ५०० चा, सीएने लिहायचे ३,५०० घेतले, नोटरी वेगळी. तयार नमुना वापरू नका, त्यात किराणा दुकानाची कलमं असतात. आम्ही आपली चार टाकून घेतली: क्रूचं नाव फर्मचं, कुणा एकाचं नाही, सोडून जाणारा आपले शब्द घेऊन जाईल, नाव नाही, सगळ्या अकाउंटचे पासवर्ड दोघांकडे, आणि लेव्ही.

फर्मचं पॅन, १०७ रुपये, बारा दिवस. गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंदणी, ऑनलाइन; तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की फक्त सूचना द्यावी लागायची. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत, दलालाला पैसे देऊ नका. बँकेत मात्र चार चकरा. एकदा रबरी शिक्का नव्हता, एकदा करारातला पत्ता आणि गुमास्त्यावरचा पत्ता यांत 'रूम नं.' आणि 'खोली क्र.' असा फरक निघाला. सगळ्या कागदांवर पत्ता अक्षरश: सारखा लिहा, मराठी-इंग्रजीसकट. खातं उघडलं १९ डिसेंबरला. पुढच्या शोचा चेक क्रूच्या नावाने आला, तेव्हा आम्ही त्याचा फोटो काढला आणि ग्रुपचा डीपी केला. जीएसटी लागत नाही; सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि आम्ही तिथून लांब आहोत.

२०२४ च्या सुरुवातीला मी, घणसोलीवाला आणि डीजे आयपीआरएसचे सभासद झालो. ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, गाणं जाहीरपणे वाजलं किंवा प्रसारित झालं की रॉयल्टी गोळा करून वाटते. स्थापना १९६९ ची. माथाडी कायदाही १९६९ चाच, हे आप्पांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली, जणू हे असंच असणार. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुणाला सोडून देता येत नाही, वारसाला किंवा अशा संस्थेलाच देता येतो. तरीही 'सर्व हक्क कायमचे' लिहिलेले करार पुढे येतात. आम्हालाही एक आला होता, रक्कम मोठी होती, आणि दोन रात्री मी झोपले नाही. सही केली नाही. 'साडेबारा'चे शब्द तेवढे कॉपीराइटला नोंदवले: फी ५००, डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. नोंदणी सक्तीची नाही, पण तो कागद असला की बोलताना पाय जमिनीवर राहतात.

क्रूच्या नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज फेब्रुवारी २०२४, वर्ग ४१, म्हणजे मनोरंजन. उद्यम प्रमाणपत्र जोडलं म्हणून फी ९,००० ऐवजी ४,५००. एप्रिलमध्ये परीक्षण अहवाल आला: मिळतंजुळतं नाव आधीच नोंदलेलं आहे. माझ्या पोटात गोळा आला. उत्तर द्यायला ३० दिवस असतात. ते दुसरं नाव अगदी वेगळ्या धंद्याचं आहे हे आम्ही पोस्टर, शोची बिलं आणि गाण्यांच्या रिलीजच्या तारखा जोडून दाखवलं. जुनं पोस्टर कधी फेकू नका. नोव्हेंबरमध्ये नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आलं, मग हरकतीसाठी चार महिने. ते चार महिने मी दर सोमवारी सकाळी स्टेटस बघायचे.

मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, बीटबॉक्सर अठराचा झाला. भागीदार व्हायचं की नाही हे ठरवायला कायद्याने सहा महिने मिळतात; गप्प बसलं तर ते संपले की आपोआप भागीदार. आम्ही त्याला सांगितलं, घाई नाही, आईला विचार. त्याने नोटीस दिली, होतो म्हणून. त्याची पक्की सही अजून ठरलेली नव्हती. बाकड्यावर बसून त्याने वहीचं एक पान भरून सह्या केल्या, मग त्यातली एक निवडली.

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र एप्रिल २०२५ मध्ये आलं. मुदत अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं. वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवलंय: नूतनीकरण, फेब्रुवारी २०३४. खाली बीटबॉक्सरने पेन्सिलीने लिहिलंय, "तेव्हा मी सत्तावीस."